घराबाहेरची पहिली रात्र : संकटातील किशोरवयीनांसाठी तात्पुरता निवारा

प्रतिनिधी

घर सोडून बाहेर पडलेल्या मुलाला पहिल्या रात्री कोण भेटते, यावर त्याचे पुढचे आयुष्य बरेचसे ठरते. दादर, कल्याण किंवा पुणे स्थानकावर गाडीतून उतरलेल्या, हातात पिशवी आणि खिशात तुटपुंजे पैसे असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला प्रथम हेरणारा माणूस पोलीस किंवा सामाजिक कार्यकर्ताच असेल असे नाही. ‘काम देतो’, ‘जेवू घालतो’, ‘माझ्याकडे राहा’ असे म्हणणारा कोणी त्याआधी पोहोचला, तर त्या मुलाचा किंवा मुलीचा माग काढणे पुढे फार अवघड होते. तात्पुरत्या निवाऱ्याची सारी व्यवस्था या एका शर्यतीसाठी उभी आहे.

समाजाच्या मनात मात्र या वयाच्या मुलांबद्दल सहानुभूतीपेक्षा संशय अधिक असतो. पाच वर्षांचे मूल दिसेनासे झाले तर ते ‘हरवले’ असे आपण म्हणतो. सोळा वर्षांचा मुलगा दिसेनासा झाला तर तो ‘पळून गेला’ असे म्हणतो. कायदा असा भेद करीत नाही. अठरा वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने बालकच आहे आणि संकटात सापडल्यास तिला आसरा देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हा आसरा कुठे मिळतो, कोणामार्फत मिळतो, किती दिवस मिळतो आणि त्यानंतर काय होते, याची माहिती मात्र सुशिक्षित शहरी कुटुंबांतही क्वचितच आढळते.

ही मुले कोण?

घर सोडण्याची कारणे बाहेरून क्षुल्लक वाटतात. परीक्षेचा निकाल, मोबाइलवरून झालेले भांडण, आईवडिलांचा मार, प्रेमप्रकरण, मुंबईचे किंवा सिनेमाचे आकर्षण. समुपदेशकाशी चार दिवस बोलणे झाले की यामागची दुसरी कारणे बाहेर येऊ लागतात. वडिलांचे व्यसन, घरातीलच कोणाकडून होणारा लैंगिक अत्याचार, ठरवून टाकलेले लग्न, आईच्या मृत्यूनंतर नातेवाइकांकडे झालेली परवड, शाळा सोडवून लावलेली मजुरी. घर न सोडताही संकटात सापडणारी मुले वेगळीच. पालक तुरुंगात किंवा रुग्णालयात आहेत, घरात सांभाळणारे कोणी उरले नाही, किंवा पालकांनीच ‘याला आम्ही ठेवणार नाही’ असे सांगितले आहे, अशा मुलांनाही त्याच रात्री छप्पर लागते.

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने अशा मुलांना ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ म्हटले आहे. बेघर, भीक मागणारी, मजुरीला लावलेली, रस्त्यावर राहणारी, ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे अशी, हरवलेली वा पळून आलेली, आणि ज्यांचे अल्पवयात लग्न लावून दिले जाण्याचा धोका आहे अशी सर्व मुले या व्याख्येत येतात. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. लग्न होऊन जाईपर्यंत थांबण्याची गरज नाही. लग्न ठरल्याचे कळले एवढ्यावरही मुलीला संरक्षण मागता येते.

‘रिमांड होम’चा वारसा

मुंबईत या व्यवस्थेचा इतिहास जुना आहे. डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक सुधारशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. त्या काळी हेतू सुधारण्याचा होता, तसाच शिस्त लावण्याचाही होता. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी बालकांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. डोंगरी-उमरखाडी येथील ज्या वास्तूत पुढे मुलांचे निरीक्षणगृह सुरू झाले, ती मूळची तुरुंगाची. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना कोल्हापूर प्रकरणात याच डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिले.

तुरुंगाच्या भिंतींत मुलांचे घर, ही गोष्ट केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ‘रिमांड होम’ हा शब्द आजही घराघरांत धमकीसारखा वापरला जातो. ‘नीट वागला नाहीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ हे वाक्य ऐकत वाढलेला मुलगा संकटात सापडल्यावर त्याच दाराशी आपणहून जाईल, अशी अपेक्षा कशी करणार?

कायद्याने मात्र दिशा बदलली आहे. १९८६ च्या बालन्याय कायद्यात मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ अशी वेगवेगळी वयोमर्यादा होती. २००० च्या कायद्याने दोघांसाठी ती १८ केली. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या सध्याच्या कायद्यात गुन्ह्याचा आरोप असलेली मुले आणि निराधार वा पीडित मुले यांचे मार्ग पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्या गटासाठी बालन्याय मंडळ आणि निरीक्षणगृह, दुसऱ्या गटासाठी बालकल्याण समिती आणि बालगृह. घरातून निघून आलेल्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नसतो. त्याला आरोपीसारखे वागवणे बेकायदा आहे.

निवारा कोणकोणता?

तात्पुरत्या आसऱ्याचे चार-पाच प्रकार आहेत आणि त्यांतला फरक माहीत असणे उपयोगाचे आहे.

पहिला प्रकार खुल्या निवारागृहाचा. कायद्याच्या कलम ४३ नुसार हे वस्तीच्या जवळ, अल्पकाळ राहण्यासाठी असलेले केंद्र आहे. मुलांना अत्याचारापासून वाचवणे आणि रस्त्यावरच्या आयुष्यापासून दूर नेणे हा त्याचा हेतू. रस्त्यावर राहण्याची सवय झालेला मुलगा एकदम बंद दारामागे टिकत नाही. त्याला आंघोळ, जेवण, झोपायला सुरक्षित जागा आणि बोलायला माणूस आधी लागतो. शासकीय योजनेत साधारणतः २५ मुलांमागे असे एक केंद्र धरलेले आहे. या केंद्रांना आपल्याकडील मुलांची माहिती दर महिन्याला जिल्हा बालसंरक्षण कक्षाला व समितीला द्यावी लागते.

दुसरा प्रकार बालगृहाचा. येथे राहण्याचा काळ अधिक असू शकतो आणि शाळा, व्यवसाय शिक्षण, आरोग्यसेवा यांची व्यवस्था अपेक्षित असते. मुले आणि मुली यांची, तसेच वयोगटांनुसारही, सोय स्वतंत्र असावी लागते. तिसरा प्रकार ‘योग्य सुविधा’ आणि ‘योग्य व्यक्ती’ यांचा. एखादी मान्यताप्राप्त संस्था किंवा तपासणी करून मान्यता दिलेली व्यक्ती काही काळापुरती मुलाची जबाबदारी घेऊ शकते. परिचित शिक्षिका, दूरची मावशी असा पर्याय उपलब्ध असेल तर मुलाला संस्थेत न पाठवताही प्रश्न सुटू शकतो. मात्र हा निर्णय समितीचा. परस्पर ठेवून घेणे चालत नाही.

चौथा पर्याय ‘सखी’ वन स्टॉप सेंटरचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून हिंसाचारग्रस्त महिलांना वैद्यकीय, कायदेशीर व समुपदेशनाची मदत आणि जास्तीत जास्त पाच दिवसांचा तात्पुरता निवारा मिळतो. अठरा वर्षांखालील मुलीही येथे येऊ शकतात. त्यांच्या बाबतीत बालन्याय कायद्याखालील यंत्रणेला लगेच सामील करून घ्यावे लागते.

स्वयंसेवी संस्थांनी या क्षेत्रात मोठे काम उभे केले आहे. स्नेहसदन ही संस्था मुंबईत १९६२ पासून मुलांसाठी घरे चालवते. वडाळ्याच्या ‘शेल्टर डॉन बॉस्को’ने १९८७ पासून रस्त्यावरील मुलांसाठी दार उघडे ठेवले. ‘प्रेरणा’ने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या मुलांसाठी रात्रीचे केंद्र सुरू केले. दिवसापेक्षा रात्र अधिक धोक्याची, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते. रेल्वे फलाटांवरील मुलांना गाठून त्यांच्या घरी पोहोचवण्याचे काम ठाण्यातील ‘समतोल’ने केले आणि घरी जाण्याआधी मुलांचे मन वळावे यासाठी मनपरिवर्तन शिबिरांची पद्धत रुजवली.

चोवीस तासांचा नियम

निराधार वा संकटातील मूल कोणालाही सापडले तरी त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. प्रवासाचा वेळ यात धरलेला नाही. पोलीस, सरकारी कर्मचारी, डॉक्टर, परिचारिका, सामाजिक संस्था, कोणताही नागरिक हे काम करू शकतो. महत्त्वाचे म्हणजे मूल स्वतःही समितीपुढे जाऊ शकते. त्यासाठी पालकांची किंवा वकिलाची गरज नाही.

अध्यक्ष आणि चार सदस्य अशी या समितीची रचना असते. त्यांत किमान एक स्त्री असणे बंधनकारक आहे. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्यातून किमान वीस दिवस तिची बैठक व्हायला हवी. बैठक नसेल त्या वेळी, म्हणजे रात्री किंवा सुटीच्या दिवशी, मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करून निवाऱ्यात दाखल करता येते. ‘आज समिती बसत नाही, उद्या या’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

पोलीस ठाण्यातही काही बंधने आहेत. प्रत्येक ठाण्यात किमान सहायक फौजदार दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे. लैंगिक अत्याचाराचे प्रकरण असेल तर ‘पॉक्सो’ कायद्याच्या कलम २४ नुसार कोणत्याही कारणाने मुलाला वा मुलीला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. अशा वेळी चोवीस तासांत निवारागृहात किंवा रुग्णालयात सोय करण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे.

हरवलेल्या मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर दिलेला निकाल मोलाचा ठरला. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते पळवले गेले आहे किंवा त्याची तस्करी झाली आहे असे गृहीत धरावे, असा दंडक त्यातून आला. ‘दोन दिवस वाट पाहा, मित्राकडे गेला असेल’ असे सांगून पालकांना परत पाठवण्यास आता जागा नाही.

१०९८ : एका क्रमांकाची गोष्ट

टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘चाइल्डलाइन’ सुरू झाली. १०९८ हा क्रमांक ‘दहा-नऊ-आठ’ असा उतरत्या क्रमाने म्हणता येतो, त्यामुळे न शिकलेल्या मुलाच्याही तो लक्षात राहतो. मुंबईच्या रस्त्यांवरून सुरू झालेली ही सेवा पुढे देशभर पसरली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने राज्य शासन व जिल्हा यंत्रणेकडे सोपवून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यात आली. क्रमांक मात्र तोच राहिला. फोन निःशुल्क असून तो चोवीस तास चालतो.

रेल्वेसाठीही स्वतंत्र कार्यपद्धती आहे. २०१५ मध्ये ती ठरली आणि २०२१ मध्ये सुधारण्यात आली. त्यानुसार गाडीत किंवा फलाटावर एकटे आढळलेले मूल तिकीट तपासनीस वा रेल्वे सुरक्षा दलाकडून मदत कक्षाकडे आणि तेथून समितीकडे जाते. शेजारच्या आसनावर बसलेला, सोबत कोणी नसलेला, विचारल्यावर गडबडून जाणारा मुलगा दिसला तर प्रवाशाने तपासनीसाला सांगणे एवढेच पुरेसे असते.

निवाऱ्यातले पहिले दिवस

अनुभवी अधीक्षक पहिल्या रात्री फारशी चौकशी करीत नाहीत. नाव, अंगावरच्या जखमा, सोबतचे सामान यांची नोंद, आंघोळ, स्वच्छ कपडे, गरम जेवण आणि झोप. या वयाच्या मुलाने पहिल्या दिवशी सांगितलेले नाव आणि गाव पुष्कळदा खोटे असते, हे त्यांना ठाऊक असते. खोटे बोलण्यामागे लबाडी नसून परत पाठवले जाण्याची भीती असते. उलटतपासणी केली की मूल गप्प होते. चार दिवस धीर धरला की खरा पत्ता आपसूक बाहेर येतो. गावाचे नाव न सांगणारा मुलगा शाळेजवळच्या नदीबद्दल, यात्रेबद्दल, बसच्या पाटीबद्दल बोलून जातो आणि त्यावरून तालुका सापडतो.

दाखल होताच वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते. व्हाइटनर, सोल्युशन, गुटखा, गांजा यांची सवय असलेल्या मुलांना पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता, चिडचिड, निद्रानाश यांचा त्रास होतो. ते वागणे उद्धटपणाचे समजून शिक्षा केली, तर मूल पुन्हा पळते. स्वतःला इजा करून घेण्याचे किंवा जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला एकटे न सोडणे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे हा या कामाचा पहिला धडा. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा उपलब्ध आहे. तिचा उपयोग निवारागृहातील कर्मचारीही करू शकतात.

वयाचा प्रश्न किशोरवयीनांच्या बाबतीत नेहमीच उपस्थित होतो. सतरा की एकोणीस, यावर सारे अवलंबून असते. कायद्याने याचा क्रम ठरवून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. ‘दाढीमिशा आल्या आहेत, म्हणजे मोठा आहे’ हा निकष कोठेही नाही.

घरी परत, पण केव्हा?

समितीपुढे प्रकरण आल्यावर पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी पूर्ण व्हावी आणि मूल प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असे कायदा सांगतो. मुलाचे घर, परिसर, शाळा आणि शेजारी यांची पाहणी करून हा अहवाल तयार करायचा असतो. मुलाला कुटुंबात परत नेणे हे कायद्याचे पहिले उद्दिष्ट आहे आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. ते योग्यच आहे. उत्तमातले उत्तम बालगृहही घराची जागा घेऊ शकत नाही.

पण या तत्त्वाचा घाईने अर्थ लावला की अनर्थ होतो. वडील समितीच्या दारात रडत उभे आहेत, मुलगी मात्र त्यांच्याकडे पाहायलाही तयार नाही, असे दृश्य या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवे नाही. ती कशामुळे घाबरते हे कळण्याआधी तिला त्यांच्या हाती सोपवले, तर निवारा देण्याचा हेतूच संपतो. मुलाचे म्हणणे ऐकून घेणे हे उपकार नव्हेत. ‘सहभागाचे तत्त्व’ म्हणून ते कायद्याच्या कलम ३ मध्येच नमूद आहे. समितीचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते.

घरी परतताना दारिद्र्य हाच अडथळा असेल तर त्यावरही उपाय आहेत. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये पात्र कुटुंबाला मुलामागे दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्व साहाय्य मिळू शकते. संस्थेत ठेवण्यावर होणारा खर्च घरातच पोहोचवला तर अनेक मुलांना घर सोडावेच लागणार नाही, हा त्यामागचा विचार. परतल्यावर पाठपुरावा झाला नाही, तर तेच मूल काही महिन्यांनी पुन्हा त्याच फलाटावर दिसते.

मुलींची कोंडी

सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या वाट्याला एक वेगळीच कोंडी येते. मुलगी मित्रासोबत घरातून निघून जाते. पालक तक्रार करतात. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नसल्याने मुलावर गुन्हा दाखल होतो. तोही अल्पवयीन असेल तर निरीक्षणगृहात जातो. मुलीला घरी जायचे नसते, किंवा घरचे तिला घ्यायला तयार नसतात, किंवा घरी गेल्यास जिवाला धोका असतो. मग ती बालगृहात येते आणि ‘तात्पुरता’ हा शब्द लांबत जातो. दहावी-बारावीची परीक्षा हुकते. तिने कोणताही गुन्हा केलेला नसतो, तरी बाहेर पडण्याची मुभा नसते. संरक्षण आणि कोठडी यांतली सीमारेषा येथे फार पुसट होते.

पीडित मुलीच्या वैद्यकीय तपासणीबाबत नियम स्पष्ट आहेत. तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, पालक किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असायला हवी, आणि सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तातडीचे उपचार मोफत दिले पाहिजेत. ही शेवटची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये कायम ठेवण्यात आली आहे. समितीने नेमलेली ‘साहाय्यक व्यक्ती’ तपास आणि खटल्याच्या काळात मुलीच्या सोबत राहू शकते. या तरतुदीची माहिती कुटुंबाला नसते आणि मग ती मागितलीही जात नाही.

कुंपणानेच शेत खाल्ले तर?

ज्या घरात मुले आसऱ्याला येतात तेथेच अत्याचार झाल्याची प्रकरणे देशाने पाहिली आहेत. बिहारमधील मुझफ्फरपूर येथील बालिकागृहात चाललेले अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणातून ते बाहेर आले, ही बाब विशेष महत्त्वाची. संस्थेकडे कागदपत्रे होती, अनुदान होते. मुलींना विश्वासात घेऊन विचारणारे मात्र तोवर कोणी गेले नव्हते. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणात संस्थाचालकासह १९ जणांना दोषी ठरवले.

मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. नोंदणीविना संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होऊ शकते. २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, जी १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, जिल्हाधिकाऱ्यांवर देखरेखीची मोठी जबाबदारी टाकली. प्रलंबित प्रकरणांचा तिमाही अहवालही त्यांच्याकडे जातो. त्याआधी ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने समित्या व मंडळांतील रिक्त पदे वेळेत भरण्याचे निर्देश दिले होते. समितीचे सदस्यच नेमलेले नसतील, तर चोवीस तासांच्या नियमाला काय अर्थ उरतो?

एखाद्या निवाऱ्याला देणगी देताना किंवा वाढदिवस साजरा करायला जाताना नागरिकांनीही दोन गोष्टी विचाराव्यात. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावले आहे का, आणि मुलांना तक्रार करण्यासाठी पेटी वा अन्य मार्ग आहे का. फोटो मात्र काढू नयेत. अशा मुलांची ओळख उघड करणे हा कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकणारा गुन्हा आहे.

अठरावा वाढदिवस

इतर मुले ज्या वाढदिवसाची वाट पाहतात, तो निवाऱ्यातील मुलांना धास्तावून सोडतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सुटते. हातात दहावीचे प्रमाणपत्र, पाठीशी कोणी नाही आणि भाड्याच्या खोलीसाठी ओळख देणाराही नाही. यासाठी कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे एकवीस वर्षांपर्यंतच्या मदतीची, तरतूद आहे. मात्र तिची तयारी सतराव्या वर्षीच सुरू व्हायला हवी. आधार कार्ड, बँक खाते, शाळेचे दाखले, एखादे कौशल्य, या गोष्टी शेवटच्या आठवड्यात जमत नाहीत. निवाऱ्यात उशिरा, सोळाव्या-सतराव्या वर्षी आलेल्या मुलांकडे वेळ सर्वांत कमी असतो आणि नेमकी त्यांचीच कागदपत्रे सर्वांत अपुरी असतात.

चौकट : संकटातील किशोरवयीन मूल आढळल्यास

• १०९८ किंवा ११२ वर फोन करावा, अथवा जवळच्या पोलीस ठाण्यातील बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटावे. फोनची वेळ लिहून ठेवावी.

• पालकांपासून दुरावलेले मूल सापडल्यास चोवीस तासांत कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दयेपोटीही मुलाला परस्पर घरी ठेवून घेऊ नये.

• आधी पाणी आणि खाणे द्यावे. प्रश्नांचा भडिमार करू नये. मुलाने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

• ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. ‘ज्यांना सांगणे गरजेचे आहे त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे.

• ‘मी काका आहे’, ‘गावचा आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती मुलाला सोपवू नये. हा निर्णय समितीचा आहे.

• मुलाचे छायाचित्र वा नाव समाजमाध्यमांवर फिरवू नये.

• जखम, विषबाधा किंवा अत्याचार यांचा संशय असल्यास प्रथम रुग्णालय गाठावे. उपचारांसाठी पोलिसांच्या पत्राची वाट पाहण्याची गरज नाही.

• स्वतःचे मूल निघून गेले असल्यास त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. सापडल्यावर पहिला प्रश्न ‘का गेलास?’ हा नसावा, ‘जेवलास का?’ हा असावा.